सीमाभागाचा नकाशा आपल्या हाताने

सीमाप्रश्नावरची सभा असो वा स्मरणिका, एक नकाशा तेथे हटकून असतो. बेळगाव, खानापूर, निपाणी हा भाग एका रंगात, पलीकडचा दुसऱ्या रंगात आणि मध्ये जाड रेघ. हा नकाशा बहुधा आधीच्या एखाद्या नकाशावरून उतरवलेला असतो, आणि तो आधीचा त्याच्याही आधीच्यावरून. रंग कोणत्या आकड्यावर भरला, आकडा कोणत्या जनगणनेचा, हे विचारले तर सांगणारा सापडत नाही. ज्या प्रश्नासाठी तीन पिढ्यांनी सत्याग्रह केले, तुरुंग पाहिले, त्याचा नकाशा असा उसना असावा, हे आम्हांला खटकते.

वास्तविक हा वाद मुळातच नकाशाचा आहे. आंध्र आणि मद्रास यांच्या सीमेसाठी पाटसकरांनी जे सूत्र वापरले, ते गाव हा घटक, भौगोलिक सलगता आणि भाषिक बहुसंख्या या तत्त्वांवर उभे होते. महाराष्ट्राने त्याचाच आग्रह धरला. महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात २६४ गावे महाराष्ट्राला आणि २४७ गावे तेव्हाच्या म्हैसूर राज्याला देण्याची शिफारस केली, बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवले. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. घटक गाव धरला तर एक चित्र उमटते, तालुका धरला तर दुसरे, जिल्हा धरला तर तिसरे. माणसे मात्र तीच असतात.

असा नकाशा काढणे आता खात्याची मक्तेदारी राहिलेली नाही. क्यूजीआयएस ही प्रणाली २००२ पासून वाढत गेली, ती मोफत आहे आणि साध्या संगणकावर चालते. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने नकाशे तयार करण्यावरील पूर्वपरवानगीची अट भारतीयांसाठी उठवली. (देशाची बाह्य सीमा मात्र सर्वे ऑफ इंडियाच्या नकाशाप्रमाणेच दाखवावी लागते. परदेशी संकेतस्थळावरून आयती सीमा उचलणाऱ्याने हे विसरू नये.) बटणे कोणती दाबायची हे पंधरा दिवसांत येते. अवघड आहे ती रचना, आणि शिकायची तीच आहे.

रंगाचेच घ्या. महाजन अहवाल आला त्याच १९६७ साली पॅरिसमध्ये जॅक बर्तिन यांचा नकाशे आणि आलेखांच्या चिन्हशास्त्रावरचा ग्रंथ निघाला. त्यातला एक धडा साधा आहे : प्रकार दाखवायचा तर रंग बदला, प्रमाण दाखवायचे तर आकार बदला किंवा रंग फिका-गडद करा. आपल्या स्मरणिकांतले नकाशे नेमके येथे फसतात. समजा, एका तालुक्यात शंभरांत ५२ मराठी, ४० कन्नड आणि ८ उर्दू बोलणारे आहेत. बहुसंख्येचा एकच रंग भरला की ४८ माणसे कागदावरून नाहीशी झाली. शेजारच्या तालुक्यात ९१ मराठी असले तरी रंग तोच. फिकी-गडद छटा वापरली तर निदान ५२ आणि ९१ यांतला फरक दिसतो. पण छटांचे टप्पे कोठे तोडायचे हा पुन्हा निवाडाच. समान अंतराने तोडा किंवा समान संख्येने, क्यूजीआयएस दोन्ही क्षणात करून देते, आणि दोन नकाशे दोन वेगळ्या गोष्टी सांगू लागतात. म्हणून टप्पे कसे पाडले ते सूचीत लिहिलेच पाहिजे. छटा निवडण्यासाठी अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया राज्य विद्यापीठाच्या सिंथिया ब्रुअर यांनी तयार केलेले ‘कलरब्रुअर’ हाताशी आहे. आमची एक सूचना त्यापलीकडची : भगवा आणि लाल-पिवळा हे रंग या विषयात वापरूच नयेत. ते पाहताच वाचक आकडे वाचायचे सोडून झेंडे पाहू लागतो.

दुसरा घोळ क्षेत्रफळाचा. खानापूर तालुका विस्ताराने मोठा, पण त्यात भीमगड अभयारण्याचे घनदाट रान आहे. बेळगाव शहर इवलेसे, पण माणसांनी भरलेले. तालुके रंगवले की रान बोलते आणि शहर गप्प बसते. यावर उपाय म्हणजे ठिपक्यांचा नकाशा. शंभर माणसांना एक ठिपका, भाषेगणिक वेगळा रंग. संगणक हे ठिपके तालुक्याच्या हद्दीत कसेही टाकतो, म्हणून काही ठिपके अभयारण्यात पडतील, काही राकसकोप जलाशयात तरंगतील. जंगल आणि पाणी आधी वगळून मगच ठिपके टाकायचे, हे ज्याला सुचले त्याला रचना कळू लागली असे समजावे.

येथे एक पथ्य आहे. २०११ च्या जनगणनेने मातृभाषेचे आकडे तालुक्यापर्यंत प्रसिद्ध केले, गावापर्यंत नाहीत. तालुक्याच्या आकड्यावरून गावागावात रंग भरणे ही लबाडी आहे, मग ती आपल्या बाजूची का असेना. गाव हा घटक मागणाऱ्यांनी तर ती मुळीच करू नये. आणि खानापूरला जी मोजपट्टी लावू, तीच जत आणि अक्कलकोटच्या कन्नड भाषिकांनाही लावावी लागेल.

आता नावांकडे येऊ, कारण सीमाभागात नकाशाचा जीव नावांत आहे. नकाशावरील नावांच्या मांडणीचे नियम स्विस नकाशाकार एडुअर्ड इम्होफ यांनी १९६२ मध्ये सांगितले, पण ते रोमन लिपीसाठी. रोमन नकाशाकार डोंगररांगेचे नाव अक्षरे लांबलांब टाकून पसरवतात. ‘सह्याद्री’ला तसे केले की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. देवनागरीत अक्षरे मोठी करावीत, रंग फिका करावा, अंतर टाकू नये. मराठी आणि कन्नड नाव एकाखाली एक घातले तर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांत अडकतात, म्हणून ओळींत जागा जास्त हवी. दोन्ही नावे एकाच आकारात असावीत. एक ठळक आणि दुसरे बारीक केले की नकाशाने बाजू घेतली.

वेबवर वेगळीच कसोटी आहे. काही प्रणाली एकेका अक्षराचे चित्र सुटे आणून जोडतात, त्यात ‘निपाणी’ची वेलांटी न च्या मागे जाऊन पडते आणि ‘येळ्ळूर’मधले जोडाक्षर फुटते. क्यूजीआयएसमध्ये तयार केलेली चित्ररूप टाइल ‘लीफलेट’वर चढवली तर हा प्रश्न येत नाही. वेबचे प्रचलित प्रक्षेपणही जपून वापरावे : त्यात बेळगावजवळचे क्षेत्रफळ सुमारे ८ टक्क्यांनी फुगते, ग्वाल्हेरचे सुमारे २४. बेळगाव, हैदराबाद, इंदूर, ग्वाल्हेर येथील मराठी वस्ती एकाच नकाशावर तोलायची असेल तर समक्षेत्र प्रक्षेपणच घ्यावे.

सर्वांत तातडीचे काम मात्र गावांच्या नावांचे. २००४ साली सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशात प्रत्येक गावाला मुख्य नावाशिवाय मराठी, कन्नड, उर्दू असे वेगळे रकाने असतात, आणि ते कोणालाही भरता येतात. मराठी रकाना रिकामा राहिला तर उद्या एखादे यंत्र इंग्रजीवरून तो भरील. मग येळ्ळूरचे ‘येलूर’, कडोलीचे ‘कदोली’, नंदगडचे ‘नंदगद’ होईल, आणि तेच पुढे शंभर नकाशांत उतरेल. त्या नकाशाचा दंडक आहे : जागेवर जे चालते तेच लिहावे. तेव्हा कन्नड रकान्याला हात न लावता, आपल्या गावाचे, वाडीचे, ओढ्याचे, माळाचे नाव गावातल्या वडीलधाऱ्यांना विचारून शुद्ध मराठीत भरणे हा कोणत्याही महाविद्यालयातील भूगोलाच्या मुलांना जमणारा उद्योग आहे. एका तालुक्यापासून सुरुवात करावी. खानापूरच्या पश्चिमेकडील जांबोटी-कणकुंबी पट्ट्यातल्या वाड्या आधी घ्याव्यात, कारण तेथील तरुण कामासाठी गोव्यात जात आहेत आणि ओढ्या-माळांची नावे सांगणारी माणसे थकत चालली आहेत.