कच्छचें रण आणि तेथील मीठ पिकविणारे लोक

वाळवंट म्हटलें म्हणजे वाळूच्या टेकड्या व उंटांचा तांडा एवढेंच चित्र आपल्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु ज्यांत वाळू क्वचितच आढळते, जें पावसाळ्यांत पाण्याखालीं असतें व एरवीं फरसबंदीसारखें सपाट व कोरडें पडतें, असेंही एक वाळवंट आपल्या शेजारीं आहे. तें म्हणजे कच्छचें रण होय. शेजारीं म्हणण्याचें कारण, 1956 पासून 1960 पर्यंत पुणें व भूज हीं दोन्ही गांवें एकाच मुंबई राज्यांत मोडत असत.

रणाचे दोन भाग आहेत. सिंधच्या सीमेस लागलेलें तें मोठें रण, आणि कच्छच्या आखाताच्या पूर्व टोकाशीं असलेलें, सुमारें 5,000 चौरस किलोमीटरांचें, तें छोटें रण. पूर्वीं येथें समुद्राचा उथळ फांटा होता. नद्यांच्या गाळानें तो भरत गेला, तरी जमीन समुद्रसपाटीहून फारशी उंच झाली नाहीं. पावसाळ्यांत नैर्ऋत्येचा वारा आखाताचें पाणी आंत लोटतो, दुसऱ्या बाजूनें बनास, रूपेण इत्यादि नद्या येऊन मिळतात, आणि छोट्या रणाचें एक विस्तीर्ण उथळ तळें होतें. त्या दिवसांत तेथें कोलंबी धरतात! पाणी आटलें कीं तडे गेलेल्या चिखलाचें मैदान तेवढें उरतें.

अहमदाबादेहून विरमगामवरून खाराघोडा ह्या गांवीं जातां येतें. त्यापुढें चाकोऱ्या दिसतात, पण खूण म्हणून झाड नाहीं कीं टेकडी नाहीं. वाटाड्यावांचून जाणें शहाणपणाचें नव्हे. दुपारीं तापलेल्या जमिनीलगतची हवा विरळ होऊन प्रकाशकिरण वांकतात व सर्वत्र मृगजळ दिसूं लागतें. त्यांत दूरवर एखादें झोपडें तरंगत असतें. जवळ जावें तों तें खरेंच निघतें.

तें झोपडें अगरिया लोकांचें. त्यांत चुंवाळिया कोळी पुष्कळ असून सांधी व मियाणा हे मुसलमान समाजही आहेत. आपल्या कोंकणांतील आगरी लोकांच्या नांवांत जो ‘आगर’ शब्द आहे, तोच ह्या नांवांतही आहे. रीत मात्र निराळी. पेण-उरणकडे भरतीचें पाणी मिठागरांत घेतात. येथें विहीर खणून जमिनीखालचें पाणी उपसावें लागतें, व तें समुद्राच्या पाण्याहूनही कित्येक पट खारट असतें. पाऊस सरल्यावर अगरिया कुटुंबें मुलाबाळांसह रणांत उतरतात, बांध घालतात, आणि वाफ्याची जमीन पायांनीं तुडवून तुडवून घट्ट करतात. एका वाफ्यांतून दुसऱ्यांत सोडतां सोडतां पाणी दाट होतें व शेवटच्या वाफ्यांत मीठ धरूं लागतें. तें तळाशीं चिकटूं नये व खडा मोठा व्हावा म्हणून जड लांकडी दाताळ्यानें पुनःपुन्हा ढवळावें लागतें. हे मोठे खडे ‘वडागरू’ ह्या नांवानें ओळखले जातात. मीठ मार्च-एप्रिलांत निघतें. भारतांतील मिठाचा सुमारें तीन-चतुर्थांश भाग गुजराथेंत पिकतो. तेव्हां आपल्या पानांतील मिठाशीं ह्या प्रांताचा संबंध केवढा, हें गृहिणींनीं ताडावें.

खाऱ्या पाण्यांत उभें राहून पाय भेगाळतात, आणि मिठावरून परतणाऱ्या उन्हानें डोळे अधू होतात. पंपाच्या डिझेलासाठीं व्यापाऱ्याकडून उचल घ्यावयाची व ती मिठानेंच फेडावयाची, असा क्रम वर्षानुवर्षें चालत आला. त्यांत अगरियाच्या हातीं थोडेंच उरे. अलीकडे सौरपंप आल्यामुळें हा भार पुष्कळांचा हलका झाला आहे. प्यावयाचें पाणी मात्र टँकरानें येतें, तेंही रोज नव्हे.

मोठ्या रणाच्या दक्षिण कडेस बन्नीचा गवताळ प्रदेश आहे. तेथील गुरें पाळणाऱ्या मालधारी लोकांनीं ह्याच पाण्याच्या अडचणीवर काढलेला तोड पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांनीं अवश्य समजून घ्यावा. गोडें पाणी खाऱ्याहून हलकें. म्हणून सखल जागीं मुरलेलें पावसाचें पाणी भूगर्भांतील खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतें. मालधारी तेथें उथळ विहिरी खणून, लांकडें व गवत ह्यांचा आधार देऊन, वरचें पाणी तेवढें काढून घेतात. ह्या विहिरींस ‘विरडा’ म्हणतात. पुस्तकांवांचून मिळविलेलें हें ज्ञान मला तरी कोणत्याही प्रयोगशाळेंतील पाठाहून कमी वाटत नाहीं.

अगरियांच्या मुलांची शाळा बुडते ती आईबापांबरोबर रणांत राहावें लागतें म्हणून. त्यांच्यासाठीं रणांतच तंबूंत शाळा भरविण्यांत येऊं लागल्या, आणि पुढें मोडींत काढलेल्या बसगाड्यांचेही वर्ग करण्यांत आले.

1973 सालीं छोट्या रणांत रानगाढवांसाठीं अभयारण्य जाहीर झालें. 1969 च्या गणतींत तीं अवघीं 362 भरलीं होतीं. 2024 मध्यें तीं 7,672 झालीं. ही मोठीच आनंदाची गोष्ट आहे. परंतु त्याच भूमीवर पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या बहुतेक अगरियांजवळ हक्काचा कागद नाहीं, कारण स्वातंत्र्यानंतरही दीर्घकाळ ह्या प्रदेशाची मोजणीच झाली नव्हती. वहिवाटीची खूण दाखवावी, तर तीही सांपडत नाहीं. अगरियाचे बांध दरवर्षीं पावसाळ्यांत वाहून जातात व दसरा-दिवाळीच्या सुमारास त्याला ते पुन्हा घालावे लागतात.