मामा, मला मका

मूल वाचायला लागतं ते आधी कानाने. ‘कपाट, कागद, चमचा’ यांतला वेगळा सुरू होणारा शब्द कोणता, हे ज्याला नुसतं ऐकून सांगता येतं, त्याला ‘क’ ही खूण कशासाठी आहे ते चटकन उमगतं. म्हणून पाटीच्या आधी भेंड्या. भाजी निवडता निवडताही खेळता येतात.

मग अक्षरं. आपल्याकडे क्रम ठरलेला: आधी सगळी मुळाक्षरं, मग बाराखडी, मग शब्द. ‘ङ’ आणि ‘ञ’ने सुरू होणारा शब्द मराठीत नाही, तरी मूल ते घोकतं आणि कित्येक महिने एक वाक्यही वाचत नाही. हा उशीर मला पटत नाही. म, क, ल ही तीनच अक्षरं घ्या आणि सोबत काना. काम, काल, मका, लाल, कमाल, काका एवढे शब्द तयार होतात. ‘मामा, मला मका’ ही अख्खी मागणीसुद्धा! मग न, प, र घ्या, त्यानंतर वेलांटी.

खरी अडचण जोडण्यात असते. ‘काम’ बघून मूल ‘का’ म्हणतं, ‘म’ म्हणतं आणि थांबतं. त्याची चूक नाही. सुट्या ‘म’मध्ये ‘अ’ दडलेला असतो आणि बोलताना शब्दाच्या शेवटचा तो ‘अ’ गळतो. हा नियम सांगून उपयोग नाही. अक्षरांखाली बोट न थांबवता सरकवा, ‘काऽऽऽ’ लांबवा आणि ‘म’वर ओठ मिटू द्या. दोन-चार वेळा केलं की ‘काम!’ असं मूलच ओरडतं. तोवर आपण उत्तर सांगायचं नाही. मोठ्यांना हेच जड जातं.

पहिली वेलांटी आणखी खोडकर. ‘कि’मध्ये खूण आधी आणि उच्चार मागून. म्हणून ‘कि’ सुटा करून न दाखवता अखंड चित्रासारखा दाखवावा. ‘जग’ मात्र अर्थ कळल्याशिवाय नीट वाचताच येत नाही: दुनिया म्हणायची असेल तर ‘ज’ वेगळा, ‘जगणं’ असेल तर वेगळा. जोडाक्षरांची घाई नको.

मूल खरंच वाचतंय की पाठ म्हणतंय? त्याच धड्यातले शब्द उलटसुलट क्रमाने कागदावर लिहा आणि वाचायला द्या. मुलांना कितपत वाचता येतं ते तपासणाऱ्या, २००५पासून चालत आलेल्या ‘असर’ पाहणीतही मुलाला एकट्याला बसवून अक्षर, शब्द, छोटा परिच्छेद आणि गोष्ट अशा पायऱ्यांवर वाचायला देतात. घरी तेवढं पुरे. गुण देऊ नका.

आणि रोज रात्री ओळीखाली बोट फिरवत मोठ्याने वाचून दाखवा. दहाव्यांदा तीच गोष्ट मागितली तरी पानं गाळू नका, लगेच पकडले जाल.