रोज कोठा साफ झालाच पाहिजे?

सकाळी पोट साफ झालं नाही की दिवसभर अस्वस्थ राहणारी माणसं घरोघरी आहेत. वैद्यकशास्त्र मात्र दिवसातून तीन वेळांपासून आठवड्यातून तीन वेळांपर्यंत सगळंच सामान्य धरतं. कुंथावं लागू नये, नंतर मोकळं वाटावं, एवढं पुरे.

या एका गैरसमजापायी कितीतरी जणांना रात्रीच्या चूर्णाची सवय जडते. जोरदार रेचकाने मोठं आतडं रिकामं होतं आणि ते पुन्हा भरायला दोन-तीन दिवस जातात. त्या दिवसांत शौचाला न होणं स्वाभाविकच. पण माणूस घाबरतो आणि पुन्हा चूर्ण घेतो. मग आपलं पोट चूर्णाशिवाय चालतच नाही, अशी त्याची खात्री पटते.

‘अधूनमधून एरंडेल घेऊन आतडी धुवून काढावीत’ हाही असाच समज. निरोगी आतड्यात वर्षानुवर्षं साचलेली घाण नसते. तिथे जिवाणूंची वस्ती असते. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका हिशेबानुसार शरीरात सुमारे 38 लाख कोटी जिवाणू आहेत आणि बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात. (आपल्या पेशी 30 लाख कोटी, त्यामुळे ‘पेशींच्या दहापट जिवाणू’ हे नेहमी ऐकू येणारं विधान खरं नाही.) आपल्याला न पचणारा चोथा ते आंबवतात. त्यातून तयार होणारं ब्युटिरेट हे आतड्याच्या अस्तराचं मुख्य इंधन.

म्हणूनच ‘रोज दही खातो, मग झालं’ हे अपुरं आहे. दही जरूर खावं. पण त्यातले जिवाणू सहसा आतड्यात मुक्काम करत नाहीत, आणि कढी उकळली की ते मरतातच. मुक्कामी जिवाणूंना चोथाच हवा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला किमान 25 ग्रॅम तंतू सांगते. 100 ग्रॅम ज्वारीत ते सुमारे 10 ग्रॅम असतात, मैद्यात तीनच्याही आत. भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी, सालासकट पेरू: बाजारातल्या महागड्या कॅप्सूलपेक्षा माझा भरवसा या ताटावर जास्त आहे. मात्र प्रमाण हळूहळू वाढवावं, नाहीतर पोट फुगतं. इसबगोल घ्यायचा तर पेलाभर पाण्यासोबतच. कोरडा घेतल्यास घशात अडकू शकतो.

आणि शौचातून रक्त जात असेल, वजन विनाकारण घटत असेल किंवा पन्नाशीनंतर शौचाची सवय अचानक बदलली असेल, तर ‘मूळव्याधच असेल’ म्हणत अंगावर काढू नका. आधी डॉक्टरांकडे जा.