थंडी सरताना धावपटूचा सराव

वाईत माघ सरला की दुपार तापू लागते. शालेय मैदानी स्पर्धांची धामधूम संपलेली असते आणि दहावी-बारावीच्या परीक्षांचे दिवस असतात.

शरीराला उष्म्याची सवय व्हायला साधारण 10 ते 14 दिवस लागतात. या काळात रक्तातील द्रव वाढतो, घाम लवकर सुटतो आणि त्यातून क्षार कमी जातात. म्हणून पहिल्या आठवड्यात पसरणी घाटाची चढण टाळून कृष्णाकाठच्या सपाटीवर, उजाडताच, कमी अंतर धावावे. अभ्यासाच्या जागरणानंतर सराव हलकाच ठेवावा. धावून आल्यावर मीठ-साखरेचे लिंबू सरबत घ्यावे. चक्कर किंवा मळमळ जाणवल्यास तत्काळ थांबून सावली गाठावी.