वेग निम्मा, सूर तोच

जॅझ शिकणाऱ्याला छापील कागद एका मर्यादेपर्यंतच उपयोगी पडतो. सोलो, म्हणजे एका वादकाने त्या क्षणी सुचेल तसा केलेला विस्तार, बहुतेक वेळा आधी लिहिलेला नसतोच. तो असतो रेकॉर्डमध्ये. शिकणाऱ्याने तो कानाने उतरवून घ्यायचा. आपल्याकडच्या तालमीसारखंच हे. फक्त इथे गुरू बहुधा केव्हाच गेलेला असतो आणि चूक दाखवायला समोर कोणी नसतं.

अडचण वेगाची. चार्ली पार्करने २६ नोव्हेंबर १९४५ रोजी न्यूयॉर्कमध्ये 'को-को' ध्वनिमुद्रित केलं. मिनिटाला सुमारे ३०० ठोके आणि ठोक्याला बरेचदा दोन स्वर. म्हणजे सेकंदाला दहा! मी कवी माणूस, वाजवत नाही, नुसता ऐकतो. एवढ्या वेगात मला ओळ ऐकू येते, अक्षरं नाहीत.

जुने लोक यावर तबकडीच हळू फिरवत. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची रेकॉर्ड १६⅔ वर लावली की वेग निम्मा होई, पण सूरही बरोबर एक सप्तक खाली उतरे. पार्करचा सॅक्सोफोन पडसं झाल्यासारखा वाटू लागे. सॉफ्टवेअरने वेग आणि सूर यांची ही गाठ सोडवली. ते आवाजाचे अगदी बारीक तुकडे करतं आणि एकमेकांवर थोडे चढवून ते लांबवर मांडतं. तुकड्यातली कंपनं तशीच राहतात, म्हणून सूर ढळत नाही. वेळ तेवढा ताणला जातो. यामागची एक पद्धत, फेज व्होकोडर, अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९६६ मध्येच मांडली गेली होती. आज 'ट्रान्स्क्राइब' हे खास याच कामाचं सॉफ्टवेअर मिळतं. 'ऑडॅसिटी' तर २००० पासून मोफत आहे. चार ठोक्यांचा तुकडा निवडायचा आणि निम्म्या वेगाने पुन्हापुन्हा फिरवायचा.

सूर किंचित वरखालीही करता येतो. याची गरज कशी पडते बघा. माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' १९५९ ची. ध्वनिमुद्रणाचं यंत्र जरा हळू चाललं होतं, त्यामुळे रेकॉर्डची पहिली बाजू कित्येक वर्षं थोड्या चढ्या सुरात वाजत राहिली. १९९२ च्या आवृत्तीत ती दुरुस्त झाली. तोवर 'सो व्हॉट'बरोबर पियानो वाजवू पाहणाऱ्याचा सूर दोन पट्ट्यांच्या मधेच अडकत असणार.

मग पुढचा मोह होतो, की स्वरही यंत्रानेच ओळखून द्यावेत. ते आलेख काढून दाखवतं खरं. पण प्रत्येक स्वरात त्याचे उपस्वर मिसळलेले, त्यात पियानो आणि बास वेगळेच. कोणता उंचवटा प्रत्यक्ष वाजवलेल्या स्वराचा, हे कानालाच ठरवावं लागतं. शिवाय काही स्वर वादक अर्धवट गिळतो. आलेखात ते जेमतेम दिसतात, कानाला मात्र त्यांच्यावाचून ओळ लंगडी लागते.

न्यूयॉर्कमधले अंध पियानोवादक लेनी ट्रिस्टानो शिष्यांना सोलो आधी गायला लावत, वाजवायला नंतर. मला हे पटतं. गझलेची ओळ मात्रा मोजून बरोबर ठरते, पण ती कुठे रेंगाळते हे म्हटल्याशिवाय कळत नाही. निम्म्या वेगात स्वर पक्के होतात, पण स्विंग, ते झुलणं, विरघळतं. ड्रमचा ठोकाही पसरट होतो. म्हणून स्वर सापडले की वेग ७० टक्के करावा, मग ८५, मग पुरा, आणि दर वेळी सोबत गावं. कागद-पेन्सिल त्यानंतर. एका संध्याकाळी आठ बार उतरले तरी पुष्कळ.