उद्योगाचे दायित्व आणि खालची दिशा

रायगड जिल्ह्यात राजपुरीच्या खाडीलगत कुडा हे लहानसे गाव आहे. तेथील डोंगरात सव्वीस बौद्ध लेणी कोरलेली आहेत. लेण्यांतील शिलालेखांत दात्यांची नावे आणि त्यांचे व्यवसाय नोंदविलेले आढळतात. त्यांत श्रेष्ठी आहेत, लोखंडाचा व्यापारी आहे, माळी आहे, वैद्याच्या घराण्यातील उपासकही आहे. जवळच्या चौल बंदरातून त्या काळी दूरदेशांशी व्यापार चालत असे. मिळविलेल्या धनाचा काही अंश समाजाच्या हितासाठी द्यावा, ही कल्पना या किनाऱ्याला नवी नाही, हे या लेखांवरून स्पष्ट होते.

आज हीच कल्पना कायद्याच्या रूपाने आपल्यासमोर आली आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून अमलात आले. ज्या कंपनीचे निव्वळ मूल्य ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये अथवा त्याहून अधिक असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यासाठी खर्च करावी, असे हे कलम सांगते. थळचा खत कारखाना, नागोठण्याचा पेट्रोरसायन प्रकल्प, रोहा व महाड येथील रासायनिक वसाहती आणि उरणचे बंदर यांमुळे या जिल्ह्यातील वाचकांना हा विषय परका नाही. अशा निधीतून शाळेच्या खोल्या बांधल्या जातात, रुग्णवाहिका येते, पाण्याची टाकी उभी राहते. या कामांचे मोल आम्ही कमी मानीत नाही. परंतु एवढ्याने उद्योगाचे सामाजिक दायित्व पूर्ण होते काय, हा प्रश्न प्रस्तुत लेखात आम्ही विचारात घेत आहोत.

या संदर्भात दीघनिकायातील सिगालोवाद सुत्त मार्गदर्शक ठरते. सिगाल नावाचा गृहपतिपुत्र पित्याच्या आज्ञेनुसार रोज सहा दिशांना वंदन करीत असे. दिशांना हात जोडण्याऐवजी त्या दिशांनी सूचित होणारी माणसांची नाती सांभाळावीत, असे भगवान बुद्धांनी त्याला समजाविले. या सहा दिशांपैकी खालची दिशा म्हणजे सेवक आणि कामगार. त्यांच्याबाबत धन्याची पाच कर्तव्ये तेथे सांगितली आहेत. बळ पाहून काम द्यावे. अन्न व वेतन द्यावे. आजारपणात शुश्रूषा करावी. विशेष चांगले पदार्थ मिळाल्यास त्यांत वाटा द्यावा. आणि योग्य वेळी विश्रांती द्यावी. कामगारानेही काम नीट करावे, दिले तेवढेच घ्यावे, धन्याचे नाव राखावे, अशी उलट बाजूची कर्तव्ये त्यासोबत आहेत.

या पाच कर्तव्यांत दानाचा उल्लेख नाही, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. पाचही कर्तव्ये काम चालू असतानाची आहेत. नफा झाल्यानंतर त्यातून काय द्यावे, हा पुढचा प्रश्न होय. अंगुत्तरनिकायातही धनाचा विनियोग सांगताना ते धन स्वतःच्या कष्टाने व धम्माला अनुसरून मिळविलेले असावे, अशी अट आधी घातलेली आहे. म्हणजे दानाची शुद्धता धनाच्या शुद्धतेवर अवलंबून आहे.

कारभारातील अन्याय दानाने भरून निघत नाही, हे या किनाऱ्याने खोती पद्धतीत अनुभवले आहे. खोत हा सरकार व कूळ यांच्यामधला मध्यस्थ होता. सरकारचा सारा भरून उरलेले उत्पन्न तो स्वतःकडे ठेवी, आणि कुळांकडून वेठही घेई. त्याच्यावर सरकारचे बंधन होते ते साऱ्यापुरते. कुळाप्रत त्याचे दायित्व कोणी ठरविलेले नव्हते. अलिबागजवळील चरी व आसपासच्या सुमारे २५ गावांतील कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून १९३९ पर्यंत जमीन न कसण्याचा संप केला. या शेतकऱ्यांच्या पाठीशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, आणि १९३७ साली मुंबई विधिमंडळात त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. एखाद्या खोताने गावात धर्मशाळा बांधून दिली असती, तर कुळांचे देणे फिटले असते काय? बाबासाहेबांनी खोतांकडे औदार्य मागितले नाही. त्यांनी ती पद्धतीच रद्द करण्याची मागणी केली.

पुढे मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी हीच दृष्टी कारखान्यांबाबत ठेवली. त्यांच्या काळात मांडलेल्या दुरुस्तीमुळे १९४६ साली बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. बळ पाहून काम आणि वेळेवर विश्रांती, ही सुत्तातील दोन कर्तव्ये येथे कामगाराचा हक्क म्हणून उभी राहिलेली दिसतात.

ही कर्तव्ये चुकली म्हणजे काय होते, हेही या जिल्ह्याने पाहिले आहे. नोव्हेंबर १९९० मध्ये नागोठण्याच्या प्रकल्पात स्फोट होऊन तीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाडच्या औद्योगिक वसाहतीतील एका औषधनिर्मिती कारखान्यात स्फोट व आग होऊन अनेक कामगारांचे प्राण गेले. भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर, १९८७ साली, कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोक्याची माहिती कामगारांना व भोवतालच्या रहिवाशांना देणे बंधनकारक ठरले. प्रश्न उरतो तो पालनाचा. कंत्राटावर कालच आलेल्या मजुराला आपण कोणत्या रसायनाजवळ उभे आहोत हे ठाऊक नसेल, तर त्या कारखान्याने बाहेर किती शाळा बांधल्या, या हिशेबाला फारसा अर्थ राहत नाही.

महाडचे नाव घेताच प्रत्येक बौद्ध वाचकाला २० मार्च १९२७ हा दिवस आठवतो. चवदार तळ्याच्या त्या गावावरूनच सावित्री नदी वाहत जाऊन हरिहरेश्वर-बाणकोटजवळ समुद्रास मिळते. रासायनिक सांडपाण्याने नदी व खाडी दूषित होते, मासळी कमी होते, ही काठावरच्या मच्छीमारांची तक्रार जुनी आहे. तथागतांनी उपासकाला जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले, त्यांत विषाचा व्यापार आहे. रसायन तयार करणे म्हणजे विषाचा व्यापार, असे आम्ही म्हणत नाही. खत आणि औषध लोकांना हवेच आहे. पण विष विकणाऱ्याकडे निदान ते विकत घेणारा स्वतःहून येतो. नदीत सोडलेले विष मात्र ते न मागणाऱ्याच्या ताटात जाते. सांडपाणी शुद्ध करण्याचा खर्च वाचवून वाढलेला नफा हा त्या मच्छीमाराच्या उत्पन्नातून काढलेला आहे. त्यातील दोन टक्के त्यालाच परत देणे, याला दान कसे म्हणावे?

हा प्रश्न केवळ मालकांना उद्देशून आहे, असे वाचकांनी समजू नये. आपल्या समाजातील मुलेमुली आज अभियंते, रसायनतज्ज्ञ, सुरक्षा अधिकारी आणि व्यवस्थापक म्हणून याच कारखान्यांत काम करीत आहेत. काही जण स्वतःचे लहान उद्योग चालवीत आहेत. तपासणीच्या कागदावर सही करण्याचा क्षण त्यांच्याच वाट्याला येतो. सम्यक आजीविकेची खरी कसोटी त्या सहीच्या वेळी लागते. ज्याच्या आजोबांनी वेठ केली, त्याच्या हाताखालच्या कंत्राटी मजुराला पूर्ण वेतन वेळेवर मिळते की नाही, हे पाहणे त्याचे पहिले कर्तव्य होय.

आमच्या विहार समित्यांवरही एक जबाबदारी आहे. सभागृहासाठी एखाद्या कंपनीने निधी देऊ केल्यास तो नाकारलाच पाहिजे, असे आमचे म्हणणे नाही. मात्र स्वीकारण्यापूर्वी त्या कंपनीचे कामगार कसे राहतात, तिचे सांडपाणी कोठे जाते, याची चौकशी समितीने करावी. आणि निधी स्वीकारल्यानंतरही ही चौकशी थांबवू नये. देणगीमुळे ज्या विहाराला खालच्या दिशेची बाजू घेता येत नाही, त्या विहाराने ती देणगी न घेतलेली बरी.