पाय गेलेली कोंबडी : आधी बघा, मग ठरवा



नवापूर तालुक्यातल्या एका पाड्यावर मी संध्याकाळचा अभ्यासवर्ग घेते. दिवाळी झाली की पाडा अर्धा रिकामा होतो. धडधाकट माणसे कोयता घेऊन बारडोलीच्या बाजूला ऊसतोडीला जातात. मागे उरतात म्हातारी माणसे, शाळेतली मुले आणि कोंबड्या. माझ्या वर्गात सहावीतली एक मुलगी आहे. तिचे आईवडील यंदाही तोडीला गेले. जाताना आईने तिच्या हवाली एक तांबडी कोंबडी केली : "हिची अंडी वीक आणि वह्या घे."

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी ही मुलगी वर्गाला आली ती कोंबडी पदराखाली घेऊन. "ताई, ही पडते," एवढेच म्हणाली. मी तांबडीला ओसरीवर ठेवले. ती दोन पावले झोकांड्या देत गेली, एका कुशीवर कलंडली आणि पंख फडफडवत राहिली. उठायची धडपड चालली होती, पण पाय साथ देत नव्हते.

आमच्या तालुक्यात कोंबडी झोकांड्या देताना दिसली की लोकांच्या पोटात गोळा येतो. २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला तो इथेच, नवापुरात. तेव्हा पोत्यांत भरून पुरलेल्या कोंबड्या लोक अजून विसरलेले नाहीत. शेजारचे काका लगेच म्हणाले, "मान मुरगाळ आणि पुरून टाक, नाहीतर सगळ्या जातील." खरे सांगायचे तर माझ्याही मनात तेच आले होते. मुलगी काही बोलली नाही. फक्त कोंबडीवरचा हात तिने काढला नाही.

त्या हाताकडे बघून मी एक दिवस मागून घेतला. त्या दिवसात आणि पुढच्या काही आठवड्यांत जे शिकले ते इथे लिहिते. आपल्यापैकी अनेकांच्या परसात दोन-चार कोंबड्या असतात, त्यांना उपयोग होईल.

पाय जाण्याची कारणे अनेक

पहिला प्रश्न : एकच पडली आहे की अनेक? एकाच वेळी बऱ्याच कोंबड्या मलूल झाल्या, हिरवट पातळ हगवण, घरघर आणि वाकडी मान दिसली, तर मानमोडीचा, म्हणजे राणीखेतचा, संशय घ्यावा. अनेक पक्षी अचानक मेले, तुरे निळे पडले, तर हात न लावता जनावरांच्या दवाखान्याला कळवावे. असा पक्षी खाऊ नये, विकू नये, ओढ्यात फेकू नये.

एकच तलंग पडली असेल, वय दीड ते पाच-सहा महिन्यांचे असेल आणि एक पाय पुढे, एक मागे असा ताणलेला असेल, तर बहुधा मॅरेक्स. हा विषाणूचा रोग आहे आणि त्यावर औषध नाही. पिल्लू एक दिवसाचे असतानाच लस द्यावी लागते. लहान पिल्लांची बोटे आत मुडपली असतील आणि ती घोट्यांवर चालत असतील, तर ब-२ जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. तळव्याला सूज आणि मध्ये काळी खपली असेल, तर काटा रुतून जखम चिघळलेली असते. पायांचे खवले उचललेले, खरखरीत दिसले तर खरजेचे किडे. त्यावर खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन काही दिवस चोळले की किडे गुदमरून मरतात. आणि कोंबडी शेपूट खाली टाकून उभी ताठ बसली, कुंथत असली, तर पोटात अंडे अडकले आहे का ते बघावे.

तांबडीच्या बाबतीत बाकीच्या कोंबड्या ठणठणीत होत्या. विष्ठा साधी होती. तळवे स्वच्छ होते. डोळे चमकत होते, दाणे समोर धरले की ती अधाशासारखी टिपत होती. दुसऱ्या दिवशी आम्ही तिला पाटीत घालून तालुक्याच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी छातीचे हाड बोटांनी चाचपले आणि माझा हात धरून मलाही चाचपायला लावले. हाड काठीसारखे सरळ हवे, ते विळ्यासारखे वाकले होते. मग त्यांनी विचारले, "अंड्याचे कवच कसे होते?"

मुलगी म्हणाली, "पातळ. दोन तर नुसत्या पिशवीसारखी."

ती पिशवीसारखी अंडी मी पाहिली होती. पंधरा दिवसांपूर्वी तिने मला दाखवली, तेव्हा मी हसून म्हटले होते, "असते एखादे." कोंबडी बोलत नाही, पण तिने दोनदा सांगून पाहिले होते. ऐकले नाही ते मी.

हिशेब कवचाचा

तांबडी गावरान नव्हे. एका योजनेत पाड्याला मिळालेल्या वनराज जातीची. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने परसातल्या पालनासाठी ही जात तयार केली. गावरान कोंबडी वर्षाला साधारण ५० ते ६० अंडी देते, वनराज शंभरीच्या पुढे जाते. अंगानेही ती जड असते.

एका अंड्याच्या कवचात जवळजवळ २ ग्रॅम कॅल्शियम लागते. १०० ग्रॅम तांदळात ते जेमतेम १० मिलिग्रॅम. म्हणजे एका कवचापुरते कॅल्शियम नुसत्या तांदळातून घ्यायचे तर कोंबडीला २० किलो तांदूळ खावा लागेल! मोकळी फिरणारी कोंबडी किडे, गोगलगायी, पाला, खडे टिपून ही तूट भरून काढते, आणि उन्हात तिच्या अंगात ड जीवनसत्त्व तयार होते. त्याशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही. पण मुंगूस येते म्हणून मुलीने तांबडीला दीड महिना खोपटात कोंडून ठेवले होते आणि रेशनचा तांदूळ घालत होती. स्वतः खात होती तोच. अंडी तर येतच राहिली. मग कोंबडी कवचासाठी कॅल्शियम आणते कुठून? स्वतःच्या हाडांतून. हाडे पोकळ होत जातात आणि एक दिवस पाय उभे राहत नाहीत.

मुलीने निष्काळजीपणा केला नव्हता. उलट जिवापाड जपले होते. त्या जपण्याला माहितीची जोड तेवढी नव्हती.

आम्ही काय केले

डॉक्टरांनी कॅल्शियमचे पातळ औषध आणि जीवनसत्त्वाचे थेंब दिले. बाकीचे सगळे घरचे.

जागा : तांबडीला वेगळ्या पाटीत ठेवले, म्हणजे इतर कोंबड्या टोचणार नाहीत. खाली भाताचे तूस आणि वर मऊ पेंढा. गुळगुळीत कागद किंवा प्लास्टिक नको, पाय फाकतात. पेंढा रोज बदलायचा.

पाणी : उथळ वाटी, चोच पोचेल अशी. पहिल्याच दिवशी मी चमच्याने पाणी थेट चोचीत ओतले आणि ती ठसकली. कोंबडीची श्वासनळी जिभेच्या मुळाशीच उघडते, पाणी सरळ फुप्फुसात जाऊ शकते. थेंब चोचीच्या कडेला लावावा, ती स्वतः गिळते.

खाणे : नागलीची मऊ पेज, चिरलेला शेवग्याचा पाला, थोडे उकडलेले अंडे. नागलीत १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. शिवाय अंड्याची टरफले तव्यावर भाजून, कुटून वेगळ्या वाटीत ठेवली. लागेल तेवढे कोंबडी स्वतः टिपते. मात्र अंड्यावर न आलेल्या पिल्लांना हा चुरा घालू नये, जादा कॅल्शियमने त्यांची मूत्रपिंडे बिघडतात.

ऊन : सकाळचे कोवळे ऊन तासभर, बाजूला सावली ठेवून. वर मासे धरायचे जुने जाळे ताणले, म्हणजे मुंगसाची भीती नाही.

झोळी : जुन्या कापडाला दोन पायांसाठी दोन आणि मागे विष्ठेसाठी एक भोक पाडले. ती झोळी दोन खुंट्यांना अशी बांधली की पाय जमिनीला नुसते टेकावेत. दिवसातून तीनदा, दहा-पंधरा मिनिटे, समोर दाण्याची वाटी. एकटीला सोडून जायचे नाही.

स्वच्छता : बसून राहणाऱ्या कोंबडीचे मागचे अंग घाण होते, माश्या बसतात, अळ्या पडतात. रोज कोमट पाण्याने पुसून कोरडे करायचे, कूस बदलायची, छातीला फोड येतो का बघायचे. नंतर आपले हात साबणाने धुवायचे.

माणसांच्या वेदनाशामक गोळ्या देऊ नयेत, डाग देऊ नये, पाय दोरीने करकचून बांधू नये. औषध चालू असताना अंडी खावीत की नाही हे डॉक्टरांनाच विचारावे.

डॉक्टरांनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली होती : "दोन आठवडे बघा. खाणे सोडले, जखमा झाल्या, सुधारणा नाही, तर तिला यातनेत ठेवू नका." हे मी मुलीलाही सांगितले. तिने विचारले, "पण आधी दोन आठवडे बघायचे ना?"

आठव्या दिवशी तांबडीने झोळीत पाय रोवले. बाराव्या दिवशी ती पाटीच्या काठाला टेकून उभी राहिली. तिसऱ्या आठवड्यात अंगणात पाच-सहा पावले चालली, पडली, पुन्हा उठली. आज ती लंगडते, छातीचे हाड वाकडेच राहणार आहे. बरेच दिवस तिने अंडे दिले नाही आणि आम्हाला त्याची घाईही नव्हती.

आता पाड्यावरच्या प्रत्येक खोपटात टरफलांच्या चुऱ्याची एक वाटी आहे. राणीखेतची लसही सगळ्यांच्या कोंबड्यांना मिळावी म्हणून दवाखान्याशी बोलणे झाले आहे : पहिल्या आठवड्यात लासोटाचा थेंब, सहा ते आठ आठवड्यांच्या वयात आर-२-बीची टोचणी. पान उलटण्यापूर्वी मनाशी एवढी खूणगाठ बांधा : पक्षी कोणाला देत असाल तर त्याला काय खाऊ घालायचे तेही सांगा, आणि पातळ कवचाचे अंडे दिसले तर हसून सोडू नका.

होळीला मुलीचे आईवडील घरी आले. आईने लंगडणारी कोंबडी पाहिली आणि विचारले, "हिला काय झाले होते?" मुलीने तिला खाली बसवले आणि कवचाच्या हिशेबापासून सगळे समजावून सांगितले. शेजारचे काकाही ऐकत उभे होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्यांच्या कोंबडीचे एक अंडे वर्गात आणून माझ्या हातावर ठेवले. "बघा हो ताई," म्हणाले, "कवच बरोबर आहे ना?"